तिसऱ्या वळणाचा वास

अक्काचं नाक हे आपल्या कारखान्यातलं सर्वांत भरवशाचं यंत्र आहे, असं थोरले मालक म्हणायचे, आणि ते थट्टेत म्हणायचे नाहीत. कुटायचं यंत्र रुसायचं, चाळायचं यंत्र रुसायचं, पुड्या बांधायच्या यंत्राची तर रोजची नाटकं. अक्काचं नाक मात्र एकोणचाळीस वर्षांत एकदाही रजेवर गेलं नव्हतं.

कारखाना म्हटल्यावर फार मोठं काही डोळ्यांपुढे आणू नका. उंच छपराची एक लांबलचक खोली. दाराशी पोत्यांची थप्पी, भिंतीलगत फळ्यांवर सुकत घातलेल्या मुळांच्या चकत्या, मधोमध निवडायचं मोठं टेबल आणि पार टोकाला भट्टी. इथे औषधी मुळं यायची, धुतली जायची, चिरून वाफवली जायची, तीन दिवस सावलीत सुकायची आणि मग लोखंडी कढईत कोरडी भाजली जायची. कढई एवढी मोठी, की धाकटे मालक लहानपणी लपाछपी खेळताना तिच्यातच लपायचे. त्यांना कान धरून बाहेर काढायचं कामही अक्काकडेच होतं.

खरं काम म्हणजे भाजणं. हे मूळ कच्चं असताना कडूजहर, पोटात गेलं तर पोट पिळवटून निघायचं. भाजलं की तेच औषध. पण किती भाजायचं, हे कुठल्याही कागदावर लिहिलेलं नव्हतं. अक्काच्या आधी तिचे वडील भट्टीवर होते. त्यांनी तिला शिकवलं ते असं, की वास तीन वळणं घेतो. पहिला ओल्या मातीचा. दुसरा तिखट, नाकात सुई टोचल्यासारखा. आणि तिसऱ्या वळणाला तो तिखटपणा एकदम मागे सरतो आणि जुनं लाकडी कपाट उघडावं तसा गोडसर वास पुढे येतो. तो आला की दहा श्वासांच्या आत कढई उतरवायची. आधी उतरवली तर मूळ कच्चं, उशीर झाला तर कोळसा. घड्याळाचा काही उपयोग नाही, कारण एका पोत्यातलं मूळ जाड, दुसऱ्यातलं बारीक, तिसऱ्यातलं ओलसर. नाक असलं तर काम येतं, नाहीतर येत नाही.

आठ वर्षांपूर्वी विद्यापीठातल्या प्रयोगशाळेच्या बाई पहिल्यांदा कारखान्यात आल्या. उंच, किडकिडीत, आणि चष्मा सारखा घसरणारा. त्या मेंदूवर काम करायच्या आणि त्यांना हे मूळ हवं होतं, कच्चंही आणि भाजलेलंही. तोवर कारखाना धाकट्या मालकांच्या हातात आला होता. त्यांनी बाईंना थेट भट्टीपाशी आणलं.

"किती तापमानाला भाजता?" बाईंनी वही उघडून विचारलं.

"कढई चांगली तापली की."

"आणि किती मिनिटं?"

"मिनिटं कसली? वास फिरला की उतरवायचं," अक्का म्हणाली.

बाईंनी पेन हवेतच धरून ठेवलं. "वास फिरला की, हे मी वहीत कसं लिहू?"

"तसंच लिहा की. अक्षरं येतात ना तुम्हाला?"

मालकांनी जीभ चावली. बाई मात्र हसल्या आणि त्यांनी वहीत खरोखर तसंच लिहिलं. त्या दिवसापासून अक्काला बाई आवडायला लागल्या. शिकलेलं माणूस आपलं म्हणणं जसंच्या तसं लिहून घेतं, हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

पुढे एकदा बाईंनी तिला प्रयोगशाळेत नेलं आणि सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं. आधी डोळा कुठला मिटायचा यावरूनच अक्काचा गोंधळ उडाला. मग दिसलं. बशीत बारीक बारीक पेशी होत्या, चारी बाजूंना काड्यांसारखे हात पसरलेल्या.

"या मेंदूतल्या पहारेकरी पेशी," बाई म्हणाल्या. "एरवी अशाच चाचपडत असतात. काही घाण दिसली, परकं काही शिरलं, की त्याचा समाचार घेतात. आता ही दुसरी बशी बघा. हिच्यात आम्ही त्यांना मुद्दाम डिवचलंय."

दुसऱ्या बशीतल्या पेशींचे हात आत ओढले गेले होते. सगळ्या गोल, गरगरीत.

"तोंड फुगवून बसल्यात," अक्का म्हणाली.

"अगदी बरोबर. आणि गंमत म्हणजे एकदा चिडल्या, की काही वेळा शांतच होत नाहीत. शत्रूवर ओकायचं ते विष घरच्याच पेशींवर ओकत बसतात. मेंदूच्या काही आजारांत असंच होत असावं, असा आमचा अंदाज आहे. आता तिसरी बशी. हिलाही तेवढंच डिवचलं, पण आधी तुमच्या भाजलेल्या मुळाचा अर्क घातला होता."

अक्काने पुन्हा डोळा लावला. तिसऱ्या बशीतल्या काही पेशी फुगल्या होत्या, पण बऱ्याचशा हात पसरून निवांत होत्या.

"आणि कच्चं मूळ घातलं तर?"

"काहीच होत नाही. जे काही होतं ते तुमच्या भट्टीत होतं, अक्का."

हे वाक्य तिने घरी येऊन नवऱ्याला तीनदा सांगितलं. अक्काच्या नवऱ्याने तीस वर्षं बस चालवली होती आणि निवृत्त झाले तरी सगळे त्यांना ड्रायव्हरसाहेबच म्हणायचे. त्यांनी तिसऱ्यांदाही मन लावून ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे ते मूळ खाल्लं की डोकं ठिकाणावर येतं? मग तू रोज का घेत नाहीस?"

"अहो, बशीतल्या पेशी आहेत त्या. बशीपासून माणूस फार लांब आहे, असं बाई म्हणाल्या."

तेव्हापासून एक पद्धत पडून गेली. कढईतून मूळ भाजून निघालं, की प्रत्येक घाण्यातल्या दोन पुड्या प्रयोगशाळेसाठी बाजूला काढायच्या. त्यांवर अक्का स्वतःच्या हाताने चिठ्ठी लिहायची, दरवेळी तेच शब्द: भाजलेलं मूळ, घाण्याचा आकडा, तारीख, तिसरं वळण पाहून उतरवलं, अक्का. आणि त्या पुड्या मुळंवालीच्या हाती द्यायच्या, कारण तिच्या परतीच्या वाटेवरच विद्यापीठ होतं.

मुळंवाली म्हणजे डोंगराकडच्या भागातून पंधरा दिवसांनी पोती घेऊन येणारी बाई. अंगाने आडवी, आवाजाने त्याहून आडवी. बावीस वर्षांत तिने एकदाही सडकं मूळ आणलं नव्हतं. तिच्या घरी अंथरुणाला खिळलेली सासू होती आणि शिकणाऱ्या दोन मुली होत्या, आणि त्या घराला आधार होता तो या पोत्यांचा. दुसरं गिऱ्हाईक तिला नव्हतं.

मग दीड वर्षापूर्वी एका सकाळी अक्काच्या स्वयंपाकघरात दूध करपलं.

ती शेगडीकडे पाठ करून भाजी चिरत होती. बाहेरच्या खोलीतून ड्रायव्हरसाहेब धावत आले. "अगं, घर पेटलंय की काय!" पातेलं काळं ठिक्कर पडलं होतं आणि वास, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, जिन्यापर्यंत पोचला होता. अक्का शेगडीपासून दोन हातांच्या अंतरावर बसली होती. तिला कसलाच वास आला नव्हता.

"सर्दी झालीय मला," ती म्हणाली.

सर्दी नव्हती. नवरा बाहेर गेल्यावर तिने दार लावून घेतलं आणि एकेक वस्तू हुंगायला सुरुवात केली. साबण. चहाची पूड. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या. शेवटी दारामागचा ड्रायव्हरसाहेबांचा बूट तिने नाकाशी धरला. त्या बुटाचाही वास येईना, तेव्हा ती मटकन खाली बसली. ड्रायव्हरसाहेब परत आले तेव्हा ती बूट मांडीवर घेऊन तशीच बसलेली होती, आणि मग त्यांच्यापासून काही लपवणं शक्य नव्हतं.

"डॉक्टरला दाखवू," ते म्हणाले.

"होईल आपोआप बरं. आणि कुणाजवळ बोललात तर बघा."

झालं नाही. आठवडे गेले, महिने गेले, नाक कोरडं ते कोरडंच. अक्काने आणखी कुणाला सांगितलं नाही, आणि का नाही हे समजायला फार अक्कल लागत नाही. नाक गेलं हे कळलं की भट्टीवरून उठवणार. भट्टीवरून उठवली की ती कोण? एक म्हातारी होत चाललेली बाई, जिला दुसरं काही येत नाही. तिला त्याची भीती वाटायची, आणि ती भीती ती रोज सकाळी कारखान्याच्या दारातून आत न्यायची.

ती डोळ्यांनी भाजायला लागली. चकत्यांची कड कितपत तांबूस झाली ते बघायची, कढईत त्यांचा आवाज कसा खणखणतो ते ऐकायची. सवयीने मान पुढे करून वास घेतल्याचं नाटकही करायची. एकोणचाळीस वर्षांच्या सवयीने बरंच निभावतं. पण मुळांचा रंग फसवा असतो, आणि इथे तिच्याकडून ती चूक झाली जी भट्टीवरच्या माणसाकडूनच होऊ शकते. मूळ जळून कोळसा झालं तर चारचौघांना दिसतं. कच्चं राहिलं तर कुणालाच दिसत नाही. म्हणून ती कढई थोडी आधी उतरवायला लागली. दर महिन्याला थोडी आधी. आणि चिठ्ठीवर मात्र तेच लिहीत राहिली, तिसरं वळण पाहून उतरवलं.

इतरही बारीकसारीक चाललंच होतं, पण त्याकडे कोण लक्ष देतो? कढईतलं उलथणं फिरवताना उजवा हात जड व्हायचा, म्हणून तिने डावा वापरायला सुरुवात केली. बाजारात जाताना ड्रायव्हरसाहेब दहा पावलं पुढे जायचे आणि थांबा आल्यासारखे थांबायचे. "गाडी जुनी झाली आमची," ते म्हणायचे. मालक म्हणायचे, "अक्का हल्ली सारख्या रागावलेल्या दिसतात, चेहऱ्यावरची रेषही हलत नाही." अक्का म्हणायची, वय झालं.

आणि मग एका दुपारी बाई न सांगता कारखान्यात आल्या. बगलेत जाडजूड वही होती. त्यांनी मालकांना दोन वाक्यांत सांगितलं आणि मालकांचा चेहरा पडला. गेल्या वर्षभराच्या पुड्यांतलं मूळ पेशींना शांत करत नव्हतं. एकदा चुकलं असेल म्हणून त्यांनी पुन्हा केलं, मग तिसऱ्यांदा केलं. जुन्या पुड्या अजूनही काम करत होत्या. नव्या जवळपास कच्च्या मुळासारख्या वागत होत्या.

"पोट दुखल्याच्या दोन तक्रारी माझ्याकडेही आल्यात," मालक हळूच म्हणाले.

अक्का भट्टीपाशी उभी होती. हे सगळं तिला ऐकू येत होतं. समोर फळीवर आजच्या चकत्या सुकून तयार होत्या आणि कढई अजून थंड होती. 

"आणखी एक आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी टेबलावर वही उघडली. प्रत्येक पुडीवरची चिठ्ठी त्यांनी सोडवून वहीत चिकटवून ठेवली होती, आठ वर्षांच्या सगळ्या, ओळीने. "मी हे आधी कधी बारकाईने पाहिलं नव्हतं. काल सगळी पानं एकामागून एक उलटली. मजकूर तोच आहे, पण सुरुवातीच्या चिठ्ठ्यांवरचं अक्षर आणि हल्लीचं अक्षर वेगळं वाटतं. इथे दुसरं कुणी चिठ्ठ्या लिहितं का?"

"कुणी नाही. अक्काच लिहितात." मालक पानांवर वाकले. जुनी अक्षरं टपोरी, ऐसपैस होती. नवी बारीक, दाटीवाटीने बसलेली. मालकांनी मान वर केली तेव्हा त्यांचं ठरून गेलं होतं, हे अक्काला दिसलं. लहानपणीही असंच व्हायचं. एकदा डोक्यात काही शिरलं की शिरलं.

"पुड्या तुमच्याकडे कोण पोचवतं?" त्यांनी विचारलं.

मुळंवाली तेव्हा दाराशी पोती उतरवत होती. मालकांनी तिला हाक मारली. ती हात झटकत आली आणि टेबलापाशी उभी राहिली, कसलीच कल्पना नसलेल्या माणसासारखी.

"चांगल्या पुड्या तू वाटेत काढून घेतेस," मालक म्हणाले, "त्यांच्या जागी दुसरंच मूळ भरतेस आणि वर चिठ्ठी खरडतेस. किती दिवस चाललंय हे?"

मुळंवालीला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिचा आडवा आवाज त्या लांबलचक खोलीत घुमला. "मी? माझ्या मुलींची शपथ! बावीस वर्षं पोती वाहते मी इथे. एक मूळ इकडचं तिकडे केलं असेल तर हात झडोत!"

"अक्षर समोर आहे."

"असेल. माझं नाहीये ते!"

"मालक, मी तसं म्हणाले नव्हते," बाई घाईने म्हणाल्या. "मी फक्त विचारलं."

"तुम्ही थांबा, बाई. माझ्या मालाचं नाव खराब झालंय. माणसांची पोटं दुखतायत, म्हणजे हिने पोत्यांतही भेसळ केली असणार." मालकांचे कान लाल झाले होते. "उद्यापासून इथे यायचं नाही. ती पोतीही उचल."

आता जे सांगायचं ते अक्काबद्दल फारसं चांगलं नाही, पण घडलं तसं सांगितलं पाहिजे. अक्का गप्प बसली. तिला सगळं माहीत होतं. मूळ कच्चं का आहे, हे त्या खोलीत फक्त तिला माहीत होतं, आणि एक शब्द न बोलता तिची सुटका तिच्यासमोर उभी होती. मुळंवाली जाईल, दुसरा कुणी पोती आणेल, भट्टी आपली आपल्याकडे राहील. ती गप्प बसली, आणि जेवढा वेळ ती गप्प बसली तेवढ्या वेळात मुळंवालीने वाकून पहिलं पोतं खांद्यावर घेतलं.

मग मुळंवाली वळली. आता तिचा आवाज अगदी खाली आला होता. "अक्का, तुम्ही तरी बघा ना. तुमचं अक्षर तुम्ही ओळखाल की नाही?"

अक्का टेबलापाशी आली. बाईंनी वही तिच्याकडे वळवली. आपल्या चिठ्ठ्या अशा ओळीने मांडलेल्या तिने कधी पाहिल्या नव्हत्या. लिहायची, द्यायची, विसरायची. पहिल्या पानावरचं अक्षर तिचंच होतं. चौथ्या पानावरचंही. सहाव्या पानावर ते जरा बारीक झालं. पुढच्या पानावर आणखी बारीक. शेवटच्या पानावर तर मुंग्यांची रांग. पण त्या मुंग्याही तिच्याच होत्या. वेलांटी काढायची तिची पद्धत, अक्का या शब्दाच्या शेवटच्या कान्याला दिलेली किंचितशी तिरकस ओढ, सगळं तिचंच. हे असं केव्हा झालं, तिला कळेना. 

"हे सगळं मीच लिहिलंय," ती म्हणाली.

"अक्का, हिच्यासाठी खोटं बोलू नका," मालक म्हणाले. "तुमचं मन मोठं आहे, पण..."

"माझं मन काही मोठं नाही. कागद दे इकडे, बाळ."

चारचौघांत ती त्यांना कायम मालक म्हणायची, अहो-जाहो करायची. बाळ हा शब्द कढईतून कान धरून काढायच्या दिवसांतला होता. मालकांनी मुकाट्याने कागद पुढे केला.

अक्काने पेन घेतलं आणि रोजचाच मजकूर लिहायला घेतला. भाजलेलं हा शब्द ऐसपैस आला. मूळ जरा आवळून आला. घाण्याचा आकडा त्याहून लहान. हात मोठं लिहायला बघत होता, तिला ते आतून जाणवत होतं, पण बोटं ऐकत नव्हती. तिसरं वळण पाहून उतरवलं. प्रत्येक शब्द आधीच्या शब्दापेक्षा आखडत गेला, आणि शेवटी अक्का हा शब्द एवढा बारीक उमटला, की तो वाचायला मालकांना वाकावं लागलं.  पेनाचा कागदावर घासण्याचा आवाज तेवढा येत होता.

"मुद्दाम बारीक..." मालकांनी सुरुवात केली.

बाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. त्यांनी तो कागद वहीतल्या शेवटच्या चिठ्ठीशेजारी धरला. मग त्या अक्काच्या उजव्या हाताकडे पाहत राहिल्या, जो टेबलाच्या कडेला तसाच पडला होता. मग चेहऱ्याकडे. चष्मा घसरला, तरी त्यांनी तो सावरला नाही.

"अक्का," त्या अगदी हळू म्हणाल्या, "तुम्हाला वास येईनासा होऊन किती दिवस झाले?"

अक्का दचकली. "कुणी सांगितलं तुम्हाला? ड्रायव्हरसाहेबांनी?"

"कुणीही नाही. मेंदूच्या एका आजारात अक्षर असं आखडत जातं, चेहरा हलेनासा होतो, आणि वास त्याच्याही आधी जातो."

दीड वर्ष दातांखाली धरून ठेवलेलं सगळं तेव्हा बाहेर आलं. दूध, बूट, डोळ्यांनी भाजलेले घाणे, कोळशाच्या भीतीने आधी उतरवलेली कढई. तिने काही गाळलं नाही. "वळण पाहून उतरवलं, असं मी लिहीत होते आणि मला काहीही येत नव्हतं," ती म्हणाली. "पोटं दुखली ती माझ्यामुळे." मालक स्टुलावर बसले. दोन्ही तळहातांत तोंड धरून त्यांनी एकदाच "अक्का" म्हटलं.

मुळंवालीने खांद्यावरचं पोतं खाली टाकलं. "आणि मघाशी तुम्ही गप्प बसलात?"

"बसले."

"माझं पोतं उचलून होईपर्यंत?"

"हो गं. बसले. मला माफ कर."

 मुळंवाली जिथे होती तिथेच पोत्यावर बसली आणि भिंतीकडे तोंड करून डोळे पुसायला लागली.

अक्काने बाईंकडे पाहिलं. तिला एक विचारायचं होतं आणि विचारायची हिंमत होत नव्हती. "ते पहारेकरी," ती म्हणाली. "तुम्ही दाखवले होते ते. तोंड फुगवून बसलेले. माझ्या डोक्यात..."

"असतील. नसतीलही," बाई म्हणाल्या. "वास जायला दहा कारणं असतात. मी माणसं तपासत नाही, अक्का, पेशी बघते. पण डॉक्टरांना दाखवायलाच हवं. उद्या सकाळी मी स्वतः येते तुमच्याबरोबर."

"आणि हे मूळ? नीट भाजलेलं? ते घेतलं तर?"

बाईंनी वही मिटली. "तुम्हाला खोटं सांगणार नाही. बशीतल्या पेशी शांत होतात, एवढंच मला माहीत आहे. माणसाला त्याचा उपयोग होतो की नाही, हे मला माहीत नाही. कुणालाच नाही."

अक्काने मान हलवली. बशीपासून माणूस फार लांब आहे, हे तिने स्वतःच नवऱ्याला सांगितलं होतं. फक्त तो माणूस आपण असू, हे तेव्हा तिच्या ध्यानीमनी नव्हतं. तिला खूप भीती वाटत होती, पण दीड वर्षाची जी दुसरी भीती होती, पकडले जाण्याची, ती मात्र आता कुठे शोधूनही सापडत नव्हती.

"आज भट्टी बंद ठेवू," मालक म्हणाले.

"का म्हणून? चकत्या तयार आहेत. उद्या मऊ पडतील." अक्का मुळंवालीजवळ गेली आणि तिच्यासमोर उभी राहिली. "ऊठ. मला तुझं नाक पाहिजे."

"माझं नाक तुमच्याशी बोलत नाही," मुळंवाली भिंतीकडेच बघत म्हणाली.

"नको बोलूस माझ्याशी. कढईशी बोल."

 मुळंवालीने नाक शिंकरलं, बाह्या वर सारल्या आणि ती उठली.

भट्टी पेटली. कढई तापली. बाईंनी आपल्या पिशवीतल्या थर्मामीटरची लांब दांडी चकत्यांत खुपसली आणि घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. आठ वर्षांपूर्वी ज्या पानावर त्यांनी वास फिरला की असं लिहिलं होतं, ते पान त्यांनी काढलं. अक्का डाव्या हाताने उलथणं फिरवत होती.

"कसा येतोय?"

"मातीसारखा."

"हे पहिलं. लक्ष ठेव."

चकत्या खणखणायला लागल्या. मुळंवालीने एकदम तोंड मागे घेतलं. "बाई गं! नाकात गेलं. झणझणतंय नुसतं."

"दुसरं. आता हलू नकोस. आता फार जवळ आलं." अक्काचे डोळे सांगत होते, उतरव, कड लाल झाली, उतरव. वर्षभर ती इथेच फसत आली होती. तिने उलथण्याची मूठ घट्ट धरली. "अजून तिखटच?"

"तिखटच."

"अजून?"

"अजून तिखट. अक्का, जळणार नाही ना?"

"नाक सांगेल. मला विचारू नकोस." धूर नव्हता, पण चकत्या तिला काळ्या पडताहेत असं वाटत होतं. मालक उभे राहिले. बाईंचं पेन कागदावर टेकलेलं होतं. कुणी श्वास घेत नव्हतं, मुळंवाली सोडून.

मुळंवालीचा चेहरा बदलला. भुवया वर गेल्या, ओठ सैल झाले. "अगं बाई," ती म्हणाली. "हे काय आलं?"

"काय आलं?"

"गोड. गोडसर. माझ्या सासूच्या ट्रंकेचं झाकण उघडल्यासारखं."

"फिरला?"

"फिरला!"

अक्का आणि मालक, दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून कढई उतरवली. बाईंनी तापमान लिहिलं, मिनिटं लिहिली. चकत्या थंड होईस्तोवर अक्का त्यांच्यापाशी उभी होती. तिने एक चकती उचलून नाकाशी धरली. काहीच नव्हतं. तिने ती मुळंवालीकडे दिली. "पुन्हा सांग," ती म्हणाली. आणि मुळंवालीने, जी आज तिच्याशी बोलणार नव्हती, पुन्हा सगळं सांगितलं. ट्रंक कसली, झाकण कसं कुरकुरतं, आतल्या कापडांना कसा वास येतो, सगळं. अक्का डोळे मिटून ऐकत राहिली.

दोन पुड्या बांधल्या. चिठ्ठी लिहायची वेळ आली तेव्हा अक्काने पेन मालकांकडे सरकवलं. "तू लिही. माझ्या मुंग्या कोण वाचणार?"

बाईंनी पेन घेऊन परत तिच्या हातात दिलं. मग त्यांनी पट्टी मागवली आणि कोऱ्या चिठ्ठीवर रेषांच्या जोड्या आखल्या, पहिलीतल्या मुलांच्या वहीत असतात तशा. "वरच्या रेषेला अक्षराचं डोकं लावा आणि खालच्या रेषेला पाय," त्या म्हणाल्या. "घाई करू नका. प्रत्येक अक्षराला दोन्ही रेषा लागल्या पाहिजेत."

अक्का खाली वाकली. तिने एकेक अक्षर रेषांच्या मधे बसवलं. वेळ लागला. पोती आत लावून झाली, भट्टी विझली, तरी ती लिहीत होती. शेवटचा शब्द लिहून तिने चिठ्ठी मुळंवालीच्या पुढे धरली आणि मुळंवालीने ती मोठ्याने वाचली.

"भाजलेलं मूळ. तिसरं वळण. नाक मुळंवालीचं, हात अक्काचा."

अक्काचा हा शब्द दोन्ही रेषांना टेकला होता.